रामाकोनावालीची सावरगाववाली

तार सौंसरला आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. दीर सायकलवर मला घ्यायला आले. “सुमन गेली,” एवढंच ते म्हणाले. छिंदवाड्याला माझी एक चुलत नणंद आहे, सुमन नावाची. ती तेव्हा बाळंतपणाला टेकलेली होती, त्यामुळे घरात कोणाला शंकाच आली नाही. तारेखाली पाठवणाऱ्याचं नाव ‘भाऊ’ होतं. भाऊ तर प्रत्येक घरात असतो, आणि तार कुठून आली हे पाहायचं कोणाला सुचलं नाही. सासूबाई रडत होत्या, मीही रडले. आम्ही सगळे छिंदवाड्याच्या गाडीसाठी स्टँडवर येऊन उभे राहिलो. तेवढ्यात पांढुर्ण्याची गाडी लागली. तिच्यातून माझ्या माहेरच्या गल्लीतले एक गृहस्थ उतरले आणि मला पाहून थबकले. “तुमी इथंच उभ्या हा का बाई? तिकडं रामाकोनावाली गेली ना…” रामाकोनावाली म्हणजे माझी वहिनी, आणि तिचंच नाव सुमन. भावानं तार करताना, रडत रडत का होईना, रीतीप्रमाणे तिचं खरं नाव घातलं होतं. आणि त्या नावानं तिला आमच्यापैकी कोणी कधी हाकच मारली नव्हती.

आमच्याकडची रीतच तशी. सून ज्या गावाहून येते त्या गावाच्या नावानं तिला हाक मारायची. मी पांढुर्ण्याची, म्हणून सौंसरला पांढुर्णावाली. वहिनी रामाकोन्याची, म्हणून पांढुर्ण्याला रामाकोनावाली. ती आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत जात होते आणि इतिहासाचे धडे मोठ्यानं पाठ करायची. ती चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. एकदा मी कुठल्याशा राजानं बांधलेल्या किल्ल्याचा धडा घोकत होते, तर तिनं मधेच विचारलं, “अन् तिथं पाणी कोण वाहून राहिलं होतं?” मी म्हटलं, पुस्तकात नाही. “पुस्तकात नसन. पन तहान तं लागली असन ना लोकायले.” दुसऱ्या दिवशी दुपारी निवडायचे तांदूळ पुढ्यात घेऊन तिनं मला त्या पाणी वाहणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. तिचा नवरा दगड फोडणारा होता, तिच्या डोक्यावर घागरीमुळे टक्कल पडलं होतं, आणि गडावरून तिला तिच्या माहेरचा धूर दिसायचा. मी विचारलं, हे खरं आहे का? “असन बी. नाही म्हणायले कोण येऊन राहिलं?”

मग ती लिहायला लागली. दुष्काळात पोरांना घेऊन चाललेली बाई, लुटारू गावात शिरले तेव्हा कपाशीच्या ढिगात लपलेली बाई, राजाच्या माडीवर शेण सारवणारी बाई… तिच्या गोष्टींत राजे लोक फार तर दुरून घोड्यावरून जायचे. बायकांना नावं नसायची. कोणी मोहगाववाली, कोणी लोधीखेडावाली. तिच्या काही गोष्टी नागपूरच्या पुरवण्यांत छापून आल्या, तुमच्यापैकी कोणी वाचल्याही असतील. खाली ‘रामाकोनावाली’ अशी सही असायची. नागपूरकरांना ते झोकदार टोपणनाव वाटलं. मी तिला म्हटलं, स्वतःचं नाव दे की. ती हसली. “सुमन रामाकोन्यालेच राहिली, बाई. तिनं काही लिवलं नाही.”

लिहिण्याची तिची एक खोड होती. गोष्टीतली बाई सकाळी काय खाऊन घराबाहेर पडली हे ठरल्याशिवाय तिचं पान पुढे सरकायचं नाही. ती म्हणायची, “उपाशी बाईले मी कशी घराभायेर काढू?” या खोडीपायी एकदा सगळ्या घराला भोगावं लागलं. मिरची आपल्याकडे समुद्रापलीकडून आली, फार जुन्या काळी ती इथं नव्हतीच, असं मी एकदा सुट्टीत माहेरी आले असताना मास्तरकीच्या ओघात बोलून गेले. वहिनीचा चेहरा उतरला. तिच्या सगळ्या जुन्या बायका सकाळी ठेचा-भाकर खाऊन निघाल्या होत्या! पुढचे कित्येक दिवस ती त्यांचं ताट बदलत बसली. त्यात एक दिवस मिरचीवाचून झुणका करून तिनं सगळ्यांना वाढला. भावानं वरून मीठ घेतलं. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, “काय व रामाकोनावाली, घरातली मिरची सरली का?” वहिनी म्हणाली, “सरली नाही, आत्याबाई. अजून आलीच नाही.” आईला काही कळलं नाही. मला हसू आवरेना. तो फिका झुणका आईनं पुढे वर्षानुवर्षं तिला ऐकवला.

तिला खरी लिहायची होती ती गोटमारीतल्या पोरीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा नि सावरगावचे लोक दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात. त्यामागे म्हणे पांढुर्ण्याच्या पोराबरोबर पळून निघालेली सावरगावची एक पोरगी आहे. दोघं नदीत असताना दोन्हीकडून गोटे आले आणि दोघं तिथंच मेली. आमचं घर नदीपासून लांब नाही. त्या दिवशी वहिनी दार लावून बसायची. आरोळी उठली की तिच्या हातातलं काम थांबायचं. तिला ती पोरगी जगायला हवी होती. दरवर्षी ती गोष्ट लिहायला घ्यायची, पोरीला नदीत उतरवायची आणि तिथंच अडायची. म्हणायची, “काठ दिसून राहिला बाई तिले, पन माह्याच्यानं पोचवणं होत नाही.” गोष्टच आहे, पोचव की, असं मी म्हटलं की ती मान हलवायची. खोटं तिला चालत नसे. घडू शकलं असतं, एवढं तरी तिला हवं असायचं.

यंदा पोळ्यानंतर मी माहेरी गेले तेव्हा ती अंथरुणाला लागली होती. काविळीनं डोळे पिवळे झाले होते, पण मला पाहून ते चमकले. “बाई, नाव सापडलं. सावरगाववाली.” मी म्हटलं, त्यात काय सापडलं, सगळे तेच तर म्हणतात. “नाही म्हणत. समदे म्हणतात सावरगावची पोरगी. सावरगाववाली कोण म्हणन? सासू म्हणन. ते बी पांढुर्ण्याच्या घरात उभी राहून.” मला समजायला एक क्षण लागला. म्हटलं, “म्हणजे ती पोचली?” ती उशीवर डोकं टेकत म्हणाली, “पोचली. हाक आली म्हणजे पोचलीच ना… आता फक्त सासरची पयली सकाळ राहिली. तिले काय खायले दिलं असन, सांगा बरं तुमी.” मी म्हटलं, विचार करून सांगते, तू आधी बरी हो. ती बरी झाली नाही. तारेच्या त्या घोळानंतर मी पोचले तेव्हा घरातल्या बायका अंघोळी करून बसल्या होत्या. मला तिचा चेहराही दिसला नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी आईजवळ राहिले. सकाळी आई चुलीपुढे बसून शिळी भाकरी कुस्करत होती. तिच्यात कांदा, मिरची, तेल घालून तिनं ती एका ताटलीत काढली आणि चुलीमागच्या कोपऱ्यात झाकून ठेवली. मी विचारलं, हे कोणाला? आईनं ताटलीवरचं झाकण नीट केलं. मग म्हणाली, “सवय हाय मले. लगीन होऊन आली तं पयल्या सकाळी ही पोरगी लाजून काही खायेच ना. मंग मी कुस्करा केला, तिथं चुलीमागं बसवलं, कोणाले दिसू नये म्हणून. म्हटलं, खाय व रामाकोनावाली. ते पयलीच हाक. तवापासून रोज तिचं तिथंच…” आणि आई पदरात तोंड घालून रडायला लागली. सुनेसाठी माझी आई अशी रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वहिनीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं तिच्याच घरात, तिच्याच चुलीमागं झाकून ठेवलेलं होतं. तिनं ते रोज खाल्लं होतं. आणि मला ते सापडलं तेव्हा सांगायला ती नव्हती. याचं दुःख मला तिच्या जाण्याइतकंच आहे.

मी त्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि ताटली पुढे ओढली. कुस्करा तिखट होता, डोळ्यांत पाणी यायला निमित्त झालं. मी म्हटलं, “आई, उद्या मिरची नको घालू.”

“काहून व?”

“सावरगाववालीच्या वेळी मिरची आली नव्हती.”

आईला तो फिका झुणका आठवला असावा. दुसऱ्या दिवशी तिनं कांदा चिरला, मिरची हातात घेतली आणि तशीच बाजूला ठेवली. फिका कुस्करा तिनं चुलीमागं नेऊन ठेवला आणि हळूच म्हणाली, “खाय व बाई. पोचली ना आता.”