चाँदभाईच्या खुंटीवरचा शर्ट

कोर्टाच्या व्हरांड्यात वीस वर्षं काढली की बातम्या छापून संपतात, किस्से मात्र खिशात साठत जातात. पोटगीचे तर सगळ्यात जास्त. सांगताना लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

जुन्या कायद्यात पोटगीला महिना पाचशेची कमाल मर्यादा होती. शहागंजचा एक कापडवाला मोटारीतून उतरायचा आणि वकिलाला विचारायचा, "पाचशेच्या वर जात नाही ना?" त्याच्या बायकोनं कितीही रडावं, कायदा त्याच्या बाजूनं उभा!

यावर मी लिहीत सुटलो. संपादक वैतागले. "पोटगीच्या बातम्या वाचतं कोण?"

"देणारे वाचतात, साहेब. म्हणून तर छापा म्हणतो."

*

शेवटी मर्यादा उठली. दुसऱ्याच महिन्यात औरंगाबादचे नवरे एकाएकी गरीब झाले.

कोर्टासमोर चाँदभाईची चहाची टपरी. तिथं खुंटीवर एक फाटका शर्ट लटकलेला असायचा. कोपरं गेलेली, खिसा लोंबतोय. पोटगीची तारीख असलेला माणूस आपला इस्त्रीचा शर्ट काढून तो चढवायचा आणि आत जाऊन हात जोडायचा.

"भाडं किती घेता?" मी विचारलं.

"तोबा साहब, भाडा कायका? दो कट चाय पीना पडता, बस."

*

चितेगावची कौसाबाई पोटगी वाढवून मागत होती. मिळत होते दीडशे, घरात दोन लेकरं. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला, पण कोर्टात म्हणायचा, काम सुटलं, एकटाच राहतो, खायची मारामार.

कौसाबाई लोकांचे कपडे शिवून दिवस काढायची. तिच्या वकीलबाईंनी दम दिला होता, "शिवणाचं नाव काढू नका. कमावती ठरलात तर आहेत तेही दीडशे जातील."

"मग निकालापतूर लेकरांना काय घालू?"

"शिवा. पण दिसू देऊ नका."

तेव्हापासून ती व्हरांड्यात बोटं पदराखाली झाकून बसायची. सुईनं टोचून टोचून टोकं काळी पडली होती. समोरून नुसता शिपाई गेला तरी हात आत.

*

निकालाच्या तारखेला सकाळपासून पुकारा होईना. कौसाबाई टपरीच्या बाकड्यावर येऊन बसली. समोर तो शर्ट. मी चहा संपवेपर्यंत तिनं तो खुंटीवरून काढून मांडीवर घेतला होता आणि कमरेच्या पिशवीतून सुईदोरा निघाला होता.

"कौसाबाई, कुणी बघंल," मी म्हणालो.

"बघू द्या. हात रिकामा ऱ्हायला की लई भ्या वाटतं, भाऊ."

खिसा बसला, कोपरं सांधली. चाँदभाई कोर्टात चहा देऊन परतला आणि त्यानं डोक्याला हात लावला. "अरे बाई, क्या कर दिया! ये तो फटेला ही चलता!"

ती शर्ट टांगून आत गेली. मागोमाग धापा टाकत तिचा नवरा आला. उशीर झालेला. त्यानं न बघताच खुंटीवरचा शर्ट ओढला, अंगात घातला आणि धावला.

*

कोर्टात जज्जसाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढाच शर्ट आहे?"

"एवढाच, साहेब. पाच वर्षं झाली."

"फाटलेला शिवलाय चांगला. टाके तर नवे दिसतात. कुणी घातले?"

त्यानं कोपराकडं पाहिलं, गांगरला. तोंडातून निघून गेलं, "घरवालीनं."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "शपथेवर लिहून दिलंय, एकटा राहतो. ही घरवाली कोण?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. वकीलबाईंनी कौसाबाईचा हात गच्च धरला, कानाशी वाकल्या, "गप्प बसा. जिंकलो आपण."

कौसाबाई त्या शर्टाकडं बघत राहिली. मग हात सोडवून उभी राहिली, आणि काळी बोटं पहिल्यांदाच पदराबाहेर काढली.

"साहेब, ते टाके माझे हायेत."