पाचव्या भागाचा कावळा

दोन हजार चोवीस साली मला बहात्तरावं लागलं आणि आमच्या हिरोचा सहावा भाग आला.

शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो. तीसुद्धा मास्तर कंटाळून पुढं ढकलत होते म्हणून. बाकीचं सगळं शिक्षण ट्रकच्या केबिनमधी झालं. तेहतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, तेव्हा ज्या पिच्चरमधी हिरो ट्रक चालवतो त्या पिच्चरबद्दल बोलायचा पहिला हक्क तामलवाडीत माझा आहे. ज्याला हे पटत नसंल त्यानं इथंच थांबावं, मी काही आग्रह करणार नाही.

पहिला भाग मी आणि मालकिणीनं सोलापूरला पाहिला, पहिल्याच दिवशी. हिरो बंपरवर एक पाय ठेवून उभा राहिला, हातात चाक खोलायची टॉमी, आणि मी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या माणसाच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. त्यानंतर जितके भाग आले तितके आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितले. दुसऱ्या भागात हिरोला जुळा भाऊ निघाला. मला ते अजिबात आवडलं नाही. मालकिणीला तोच आवडतो. म्हणती, एका तिकिटात दोन हिरो, वाईट काय हाय? तिसऱ्यात तो परदेशात गेला. तिथं स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं, आणि हा डाव्या हातानं गिअर टाकत होता, म्हणजे दरवाजातच टाकत होता. टॉकीजमधी एवढे लोक बसलेले, पण हे फक्त मला कळलं. मी उठून ओरडलो तर लोकांनी मलाच खाली बसवलं. चौथ्यात हिरोचं पोट सुटलं. मी तसं बोललो तर मालकीण म्हणाली, "तुमचं कुठं कमी हाय?"

पाचव्या भागात हिरो मेला.

पेटलेला टँकर गावाबाहेर नेताना गाडीसकट दरीत गेला. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही, हे मी स्पष्ट सांगतो. फक्त बाहेर पडताना मी चुकीच्या दारानं गेलो आणि मागच्या बोळात निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनमधी जाऊन डोकं आणि मिशी दोन्ही काढून आलो.

मालकीण भाकरी थापत होती. तिनं एकदा वर पाहिलं. "अवो, सासरे गेले तवा तुमी मिशी काढली न्हवती."

"तवा मी गाडी घिऊन विजयवाड्याला होतो."

"आल्यावरबी काढली न्हवती."

बाप आणि हिरो यांची तुलना करणं बरोबर नाही, असं मी तिला सांगितलं. कोण जास्त मोठा ते मात्र सांगितलं नाही.

मग दहावा घालायचं ठरलं. भटजी तयार होईनात. म्हणाले, नट जिवंत आहे, परवा टीव्हीवर बनियनच्या जाहिरातीत दिसला, त्याचा दहावा कसा घालू? मी म्हणालो, "नट जिवंत हाय, ड्रायव्हर मेलाय." त्यांना हा फरक कळला नाही. मग मीच ओढ्याकाठी बसलो. भाताचे पिंड केले, वर तीळ टाकले, हिरोचा फोटो मांडला. तीस-एक माणसं जमली होती. काही मनापासून आली होती, काही माझी मजा बघायला.

कावळा काही येईना.

माणसाचं मन कशात अडकलेलं असंल तर कावळा शिवत नाही, हे कुणालाही माहीत आहे. म्हणून लोक एकेक बोलू लागले. एकजण म्हणाला, "हिरोईनला आम्ही बहिणीगत सांभाळू." कावळा आला नाही. दुसरा म्हणाला, "तसं नगं, ती त्याची बायको हाय, त्याला शंका यायली असंल." तिसऱ्यानं शब्द दिला की व्हिलनला सोडणार नाही. चौथ्यानं तर जुळ्या भावाला अर्धी गाडी देऊन टाकली. दोन तास झाले. ऊन डोक्यावर आलं, लोक गालात हसायला लागले. मुंडण केलेलं माझं डोकं तापून तव्यासारखं झालं होतं.

मी म्हणालो, "गर्दीला बिचकतोय त्यो. सगळे बाभळीच्या मागं जावा आणि पाठ करून बसा."

लोक गेले. फक्त उस्ताद राहिला, कारण फोटोवर त्यानं छत्री धरली होती. उस्ताद म्हणजे हायवेवरचा पंक्चरवाला, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. मी ओढ्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, आणि अंगठ्यानं पिंडाचं टोक मोडलं. मग ओरडलो, "शिवला! शिवला!"

उस्तादनं माझ्याकडं पाहिलं. छत्री मिटली, टोपी काढून झटकली, परत घातली.

त्या दिवसापासून गावात माझं वजन वाढलं. तेराव्याला मी बुंदी वाढली आणि सगळ्यांसमोर उभा राहून बोललो, "आपला माणूस गेला. आता उद्या ह्यांनी कुणालाबी उभा करून सहावा भाग काढला, तर त्यो आपला न्हवं. जो बघंल त्यानं माझ्या दारात पाय ठिवू नये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुंदी चांगली झाली होती, हेही खरं.

पाच वर्षं गेली आणि पोरांच्या मोबाईलवर सहाव्या भागाची झलक आली. दरीतून एक हात वर येतो, हातात टॉमी. बास, एवढंच.

गाव दुभंगलं. पोरं म्हणायला लागली, पाचव्यात बॉडी दाखवलीच नव्हती.

मी म्हणालो, "टँकर फुटल्यावर बॉडी काय बस्त्यात बांधून दाखवणार व्हय?"

"पर ड्रायव्हर, कावळा खरंच शिवला होता का?"

हा प्रश्न कुणी काढला माहीत नाही, पण ज्यानं काढला तो हुशार. कावळा शिवला असंल तर हिरो सुटला, गेला, आणि सहावा भाग म्हणजे शुद्ध फसवणूक. कावळा शिवला नसंल तर त्याचं मन इथंच अडकलेलं होतं, म्हणजे परत येणं रीतीला धरून आहे. माझ्या वयाचे सगळे शिवला बाजूला. पोरं आणि बाया न शिवला बाजूला. एका घरात तर सासू-सुनेचं पहिल्यांदा एकमत झालं आणि बाप-लेक बोलायचे थांबले.

साक्षीदार एकच, उस्ताद. त्याच्या दुकानात लोक पंक्चर नसताना सायकली घेऊन यायला लागले.

"उस्ताद, तुमी तिथंच होता. शिवला का न्हाय?"

"हे बघा भाई, आमच्यात चाळिसावा असतो. त्याला कावळा लागत न्हाय. तुमच्या कावळ्यातलं मला काय समजतंय? मी ट्यूबमधली हवा बघणारा माणूस."

"डोळ्यानं तर बघितलंय न्हवं?"

"छत्री आडवी होती."

पाच वक्ताचा नमाजी माणूस, खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलून मला उघडं पाडणार नाही. न शिवलावाले त्याला घाबरट म्हणायला लागले. शिवलावाल्यांनी, आपल्या बाजूनं बोलत नाही म्हणून, दुसऱ्याकडं हवा भरायला सुरुवात केली. मी हे सगळं बघत होतो. बघून गप बसत होतो, असं लिहिलं तर बरोबर होईल.

सहावा भाग लागायच्या आदल्या दिवशी मालकीण म्हणाली, "उद्या मी जायलेय. आलाव तर तुमच्यासंगं, न्हाय तर भाभीसंगं." भाभी म्हणजे उस्तादची बायको.

"मेलेल्या माणसाचा पिच्चर काय बघायचा?"

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं ती अजून दोनदा तरी म्हणंल. म्हणालीच नाही. शुक्रवारी सकाळी दोघी नटून एसटीत बसल्या आणि संध्याकाळी पान खाऊन परत आल्या. मी ओट्यावरच बसलो होतो. सहज बसलो होतो. तिनं चप्पल काढली, पाय धुतले, चुलीपुढं बसली आणि एक शब्द बोलली नाही.

असे पाच दिवस. मी कोपऱ्यावर गेलो की पोरं बोलायची बंद. कुणी हिरोसारखं चालून दाखवत असंल तर मला बघून सरळ चालायचा. मालकिणीनं सगळ्यांना ताकीद दिली होती, ड्रायव्हरला कुणी काही सांगायचं नाही, त्यांचा माणूस मेलाय. एकदा मी उस्तादच्या दुकानात बसून, आपलं उगीच, टायरकडं बघत बोललो, "दरीतून वर कसा आला म्हणं?"

उस्ताद पाना घासत होता. "कोण?"

"त्योच की."

"त्यो तर वारला ना ड्रायव्हर. तुमीच तर बुंदी वाढली. मी दोन वाट्या खाल्ली."

सहाव्या दिवशी दिवेलागणीला मी जेवायला बसलो. मालकिणीनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस हाय. परवापसनं दुसरा पिच्चर लागायलाय."

मी आमटी ओरपली.

"मी परत जाणार हाय," ती म्हणाली.

"एकदा बघून भागलं न्हाय का?"

"बघितलाच कुठं? हिरो आला, समदं टॉकीज ओरडलं, आन् मी आपली शेजारी बघायलेय. शेजारी भाभी. बिचारी पदर तोंडाला लावून बसली होती. शिट्टी मारायला कुणी न्हवतं. म्या आजवर एकबी भाग शिट्टीबिगर बघितला न्हाय. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा पिच्चर बघायलेय."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तिखट जास्त होतं, असं मी म्हणालो.

"तिखट रोजचंच हाय. येणार का न्हाय ते सांगा."

"गावासमोर शब्द दिलाय म्या. कावळा शिवला म्हणून सांगितलंय."

तिनं तवा खाली उतरवला. "त्या दिशी तुमचा सदरा कुणी धुतला? बाहीला भात, भाताला तीळ. अंगठा तर तुमी घरी येईस्तवर पुसलाबी न्हवता. पाच वर्षं झाली, म्या कुणाला बोलले का?"

मी अंगठा मुठीत झाकला.

"मला बोलायचं न्हवतं. तुमचा मान हाय, तुमाला लाखमोलाचा, ऱ्हाऊ द्या. पर उस्तादभाऊच्या दुकानात लोक जायचे बंद झालेत तुमच्या अंगठ्यापायी. मी उद्या नऊच्या गाडीनं जाणार. खरं सांगून या, मग माझ्या शेजारी बसा. तसं नगं असंल तर ऱ्हावा घरी, भाकरी झाकून ठिवते."

मी म्हणालो, मला कुणी शिकवायची गरज नाही. ती म्हणाली, हे तिला लग्नापासून माहीत आहे. मग आम्ही दोघं झोपलो, एकमेकांकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो आणि साडेआठला उस्तादच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिलो. एसटीचा थांबा तिथंच असल्यामुळं बाकड्यावर दोन्ही बाजूंचे लोक बसलेले असतात, या टोकाला शिवला, त्या टोकाला न शिवला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कावळा शिवला न्हवता. पिंड म्या मोडला. ह्या अंगठ्यानं. उस्तादला कुणी काय बोलायचं न्हाय."

मला वाटलं होतं पोरं नाचतील आणि म्हातारे माना खाली घालतील. झालं उलटंच. शिवलाच्या टोकावरचा एक म्हातारा उठला आणि मलाच म्हणाला, "ड्रायव्हर, मालकिणीला भिऊन खोटं बोलायलाव तुमी. शिवला होता. आमी आवाज ऐकलाय पंखांचा."

"अरे, पाठ करून बसला होता तुमी!"

"म्हणूनच ऐकलं."

त्या टोकावरून एक पोरगं म्हणालं, "पर मी म्हणतो, अंगठ्यानं शिवलेलं चालत न्हाय कशावरून? दर्भाचा कावळा करत्यात तोबी माणूसच शिववतोय." झालं, पोरांमधीच दोन तट पडले. मी इज्जत काढून बाकड्यावर ठेवली होती आणि तिच्याकडं कुणी बघायला तयार नव्हतं.

तेवढ्यात उस्ताद हवेचा पाइप खाली टाकून उठला. पाच वर्षांत पहिल्यांदा तो या विषयावर मोठ्यानं बोलला. "अंगठाच होता! छत्रीखालून ह्या डोळ्यांनी बघितलंय. उजवा अंगठा! आता कुणाला पंक्चर काढायचं असंल तर थांबा, न्हाय तर बाकडं मोकळं करा." आणि माझ्या पाठीत असा गुद्दा हाणला की मी दोन पावलं पुढं गेलो.

नऊची गाडी आली, भरून आली. मालकीण कधी आली, कधी चढली मला दिसलं नाही. आत गेलो तर ती खिडकीशी बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिनं टॉवेल टाकून ठेवला होता. एक माणूस त्या टॉवेलवरून तिच्याशी भांडत होता. "आजी, माणूस कुठं हाय, नुसता टॉवेल हाय," असं त्याचं म्हणणं.

"ह्यो काय आला," ती म्हणाली.

मी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, त्या माणसाला कोपरानं बाजूला सारलं आणि बसलो. गाडी हलली. सोलापूर येईपर्यंत मी तोंडात दोन बोटं घालून, आवाज न काढता, नुसती फुंकून बघत होतो. दोन दात पडल्यावर आता शिट्टी नीट निघते की नाही, याची मला खात्री नव्हती.