काचेतली काठी

एलम स्कायला मरणाची भीती नव्हती, रिकाम्या हातानं जायची होती. कॅनडातल्या ग्रँड नदीकाठच्या त्याच्या मूळनिवासी लोकांत लॅक्रोस हा जाळीच्या काठीचा खेळ खेळणाऱ्याच्या शवपेटीत त्याची काठी ठेवतात, पलीकडे गेल्यावर खेळायला उभं राहता यावं म्हणून. एलमची काठी आजोबांनी हिकरीचं लाकूड वाकवून केलेली. ती शहरातल्या क्लबात, काचेच्या कपाटात होती. एकसष्ट साली क्लबानं त्याच्या जिवावर चषक मारला आणि त्याला न विचारता ती 'आठवण' म्हणून ठेवून घेतली. मोसमभर प्रेक्षक त्याला पाहून सिनेमातल्या रेड इंडियनांची नक्कल म्हणून तोंडावर हात आपटत कोल्हेकुई करायचे, ती मात्र कुणी जपून ठेवली नाही.

"मामा, मी आणली असती," क्लबासमोर गाडी थांबवत भाची व्हर्ना म्हणाली, "पण बाईमाणसानं लाकडी काठीला हात लावायचा नाही. आज तरी तोंड उघडा. तीन खेपा नुसता सोडा पिऊन आलात."

"सोडा बरा असतो इथला."

तोंड उघडणं सोपं नव्हतं. सहाव्या वर्षी त्याला गोऱ्यांच्या निवासी शाळेत नेलं. तिथे आपल्या भाषेतला एक शब्द निसटला की तळवे वर करून हात पुढे धरायचे आणि पट्टा खायचा. पुढे काही मागायचं नुसतं मनात आलं तरी हात आपोआप पुढे येऊ लागले. म्हणून त्यानं कुणाकडे काही मागितलंच नाही. बायको सोडून गेली तेव्हा 'थांब' म्हणणंही जमलं नाही.

आजही तेच. मॅनेजरसमोर तो उभा राहिला आणि दोन्ही तळवे वर झाले. मॅनेजर तसा वाईट नव्हता. त्यानं कागदात गुंडाळलेलं सँडविच त्या हातांवर ठेवलं.

"घ्या आजोबा. पैसे नकोत."

एलम दारापर्यंत गेला. लाजेनं त्याचे कान तापले होते. तो परत फिरला आणि सँडविच काउंटरवर ठेवलं.

"मी उपाशी नाही. ती काठी माझी आहे."

"ती चीफची," मॅनेजर हसला. "पाटी वाचा ना. तो कधीच वारला."

पाटीवर खरंच 'दिवंगत चीफ' लिहिलं होतं. क्लबात त्याला सगळे 'चीफ'च म्हणायचे; नाव कुणी विचारलंच नव्हतं.

एलमनं खुर्ची ओढली, कपाटासमोर मांडली आणि बसला.

"वारला असेल तर ती त्याच्याबरोबर पुरायची असते," तो म्हणाला. "काढा. मी थांबतो."