पिवळी कार्नेशन

रंकाळ्याजवळची फुलवाली प्रत्येक कार्नेशनवर फुंकर घालून पाकळ्या मोकळ्या करते आणि मगच ते गिऱ्हाइकाच्या हाती देते. मला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी मी तिच्याकडे पिवळी मागितली. पाश्चात्त्यांच्या फुलांच्या संकेतांत पांढरे कार्नेशन आईच्या मायेचे, तर पिवळे नकाराचे. मला पीएच.डी. करायची होती आणि नकार सभ्यपणे द्यायचा होता. हे मी तिला सविस्तर सांगितले. तिची फुंकर थांबली नाही.

"पिवळं दिलंस तर हळदच लागंल की, बाई. न्हाय म्हणायला देवानं तोंड दिलंय."

नकार मी तोंडीच दिला. फुले मुलाच्या आईने देव्हाऱ्यासाठी नेली.

हल्ली मी दिसले, की फुलवाली मान वर न करता विचारते, "शिकतीयास न्हवं?"