झिबलभाऊचा जिरा

सिंदेवाहीच्या बाजारात कोणीतरी सहज म्हणालं, "गुरुजी, झिबलभाऊ गेला. तापानं. तीन दिस झाले." सहज! कांद्याचा भाव सांगावा तसं. मी पिशवी तिथंच टाकली आणि त्यांच्या गावची वाट धरली... वाटभर नुसता संताप. महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

झिबलभाऊ ढिवर. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन तलाव सरकारचे झाले, तेव्हा गावच्या ढिवरांनी मच्छीमार सोसायटी काढली. लिहिता-वाचता येतं म्हणून मी मास्तर तिचा सेक्रेटरी; पण अक्कल सगळी भाऊंची. तलावाच्या वरच्या अंगाला बांध घालून त्यांनी एक बोडी, लहानसं तळंच म्हणा, केली होती. पूर आला की रोहू तिथं चढायचा, अंडी घालायचा. त्या दिवसांत बोडीत जाळं टाकणाऱ्याची ते गय करत नसत, मग तो सख्खा भाऊ का असेना. पिल्लं इवलीशी, म्हणून त्यांना जिरा म्हणायचं. तो जिरा मडक्यात घेऊन भाऊ बैलगाडीनं पार कुरखेड्यापर्यंत जात, आणि वाटभर हात पाण्यात. "पानी थमलं का पिलू मेलं," म्हणत.

मग मत्स्य खात्याचे साहेब आले. देशाचा मत्स्यव्यवसाय स्पर्धेत टिकला पाहिजे म्हणे! त्यासाठी जिरा कुठला, तर कलकत्त्याचा; गावचा सोडायचाच नाही. पत्र्याच्या डब्यांतून, आगगाडीनं. स्टेशनावर भाऊंनी झाकण काढून डब्यात हात घातला, तर साहेब खेकसले, "घाणेरडे हात काढ आधी!" भाऊंनी हात काढला. डबे बंदच गावात आले. तलावात ओतले, तर सगळा जिरा मेलेला, पाण्यावर तरंगत होता.

"मेलेलं हाय हे, गुरुजी. तसंच लिवा," भाऊ म्हणाले. साहेबांनी कागद पुढं केला: जिवंत बीज मिळालं, सोडलं. मी सही केली. साहेबाशी वाकडं घेतलं तर तलाव जाईल, असं वाटलं. शेण खाल्लं मी!

दुसऱ्या वर्षी तलावात मासा नाही. साहेब म्हणाले, बीज तर जिवंत दिलं होतं, तुमच्याच मास्तरची सही आहे. ढिवरांना मासे पाळता येत नाहीत. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला गेला. त्यानं बोडीचा बांध फोडला. ज्याच्या जिऱ्यानं कलकत्त्याला पाणी पाजलं असतं, तो माणूस सडकेवर गिट्टी फोडायला गेला... आणि म्हणे स्पर्धा! लाज वाटायला हवी होती त्यांना. त्यांच्या आधी मला. भाऊ मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागतं.

त्या दिवशी घरी पोचलो, तर त्यांची बायको सखूबाई मडकं मांडीशी घेऊन बसलेली. हात पाण्यात. घरामागच्या खड्ड्यात भाऊंनी गुपचूप वाढवलेला जिरा, कुरखेड्याच्या ढिवरांसाठी ताप चढायच्या आधी त्यांनीच मडक्यात काढून ठेवला होता. नाल्याला पूर, म्हणून न्यायला येणारी गाडी पलीकडं अडकलेली, आणि परत सोडावा तर खड्डाही भरून वाहत होता.

"मी अन् सून पाळीपाळीनं हालवून राह्यलो जी," बाई म्हणाल्या. "आता हात भरून आला. गाडी येतवरी तुमी हालवा." मग माझ्याकडं न बघता, "त्या कागदावर सई काऊन केली होती जी, गुरुजी?"

सही केली होती तोच हात मी पाण्यात घातला. बोटांना जिरा लागला, वळवळता, जिवंत. गाडी येईपर्यंत मी पाणी हलवत बसलो.