वच्छलाबाईंचा पंखा

वच्छलाबाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पांढुर्ण्याहून सौंसरला शाळेत निघाले होते. दोन दिवसांनी शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "बाईंनी कधी तक्रार केली नाही." धडधडीत खोटं... आणि तरी मी मान खाली घालून मौन पाळलं. स्वतःचाच इतका संताप आला, की आता लिहायलाच बसले आहे.

आमच्या प्रयोगशाळेतलं तीव्र ॲसिड पाण्यात घालून पातळ करायचं काम मदतनीस वच्छलाबाईंचं. बाटलीचं बूच निघालं की पांढरा धूर उठायचा, घसा जळायचा. खोलीला एकच खिडकी, तीही गंजून बंद. म्हणून त्या बीकर घेऊन व्हरांड्यात जात, लोधीखेड्याच्या आपल्या शेतातल्या कापसाचा पुंजका चिमटीत धरून वारा बघत आणि धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभ्या राहत. नवी असताना मी घाईत ॲसिडमध्येच पाणी ओतायला निघाले, तर त्यांनी मनगट धरलं. "थांबा जी मॅडम! तोंडावर उडन ना!" मी एम.एस्सी., त्या आठवी पास. अक्कल कोणाजवळ होती ते सांगायला नको.

धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्यासाठी त्यांनी तीन अर्ज दिले. उत्तर नाही. मग एक दिवस बाटली आणि बीकर घेऊन त्या प्राचार्यांच्या खोलीकडे निघाल्या. "मॅडम, चालता का सोबत?" मी वह्यांचं निमित्त सांगितलं आणि दारातूनच पाहिलं. बाईंनी बीकर सरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यातल्या पाण्यात ॲसिड ओतलं. सर खोकत उठले. "मी रोज हाच धूर घेऊन राहिली, सर. तुमी दोन मिनिटं बसून पाहा ना."

आठ दिवसांत पंखा आला... आणि प्राचार्यांच्या खोलीत बसला! "सरायची छाती नाजूक दिसते," बाई म्हणाल्या. पुढची सहा वर्षं त्या व्हरांड्यात खोकत राहिल्या आणि मी गप्प राहिले. त्या धुरानं गेल्या का, ते डॉक्टर जाणोत. पंखा त्यांना मिळाला नाही, हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तो पंखा काढायला लावला आणि प्रयोगशाळेच्या भिंतीत बसवून घेतला. सोमवारी प्राचार्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कोणाच्या परवानगीनं?"

"ज्यांनी मागितला होता, त्यांच्या."

मला नोटीस मिळाली आहे. ती मी पंख्याखाली भिंतीवर चिकटवली आहे. पंखा चालू आहे.