गजाला लागलेलं तेल

माझ्या मोठ्या भावाला माझं व्हायोलिन कधी आवडलं नाही, आणि मला तो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजवायला येऊ नये.

आमच्या उंद्री गावाहून तालुक्याला, चिखलीला शाळेत जायची तेव्हा तिथल्या संगीताच्या बाईंनी हे वाद्य माझ्या हातात दिलं. घरी रियाजाला बसले की भाऊ ओसरीतून ओरडायचा, "काऊन रडवून राह्यली वं त्याले? कोनाची मयत झाली का?" पाहुणे आले की खराटा खांद्याला लावून माझी नक्कल करायचा. सगळे हसायचे. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावायची. तीही हसायची की काय, मला कधी कळलं नाही.

पुढे पुण्यात गुरुजींकडे शिकले. माझं मले-तुले ऐकून तिथल्या मुली नाकं मुरडायच्या. त्यांच्याशीही भांडले. आता मैफली करते, लोक तिकीट काढून ऐकतात. पण आईनं मला समोर बसून एकदाही ऐकलं नव्हतं. तिचे गुडघे गेलेले, ती भावाकडे राहते, त्याच्या हाताला धरून चालते. तिला पुण्याला न्यायचा विषय काढला की हा म्हणणार, "थकते माय." म्हणून गावच्या दुर्गा मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा, मंडळाचा अध्यक्ष भाऊच आहे हे ठाऊक असूनही, मी हो म्हटलं. फक्त आईसाठी.

नवमीची संध्याकाळ होती. पहिल्या रांगेत आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. आधी शाल, नारळ, भाषणं. भावानं मला 'गावाची शान' म्हटलं. ऐकून माझं डोकंच फिरलं. मग म्हणाला, आज खंडेनवमी, तर बहिणीच्या हत्याराचीही पूजा झाली पाहिजे. त्या दिवशी आमच्याकडे नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्यालाच तेल-शेंदूर लागतो. त्यानं व्हायोलिनच्या लाकडाला बोट टेकवलं, तेवढं मी चालवून घेतलं. तबलजीनं काही विचारलं म्हणून तिकडे वळले, तेवढ्यात त्यानं तारांवर फिरवायचा गज उचलला आणि गजाच्या केसांवरून तेलाचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा चोळावा तसा.

गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे. त्यांना आम्ही राळ घासतो, म्हणून ते तारेला धरतात आणि सूर निघतो. मी स्वतःचं बोटसुद्धा त्यांना लागू देत नाही. तेल लागलं की गज तारेवरून नुसता घसरतो, केस बदलेपर्यंत त्याचा काही उपयोग नाही.

"हात काढ, अडाण्या!" मी ओरडले. "जन्मभर माझं वाटोळं करायला बघितलंस, अजून पोट भरलं नाही?"

माइक चालू होता. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. भाऊ शेंदरी बोटं घेऊन तसाच उभा राहिला. मग खाली उतरला, आईच्या दंडाला धरून म्हणाला, "चाल माय, घरी." आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठली.

पेटीत दुसरा गज कायम असतो. तो काढला. मारवा सूर्यास्ताचा राग, त्याची वेळ टळून गेली होती, तरी मारवाच वाजवला, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. टाळ्या खूप पडल्या. मला त्या नको होत्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. कुणाला सोनं न देता मी पुण्याच्या गाडीत बसले. वाटेत शेजारणीच्या मोबाइलवरून आईचा फोन आला.

"आयकलं म्या समदं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"भोंगा हाय नं आपल्या घराच्या कोपऱ्यावर. त्यानंच लावून घेतला होता माह्यासाठी. म्हने, मांडवात बसनं झालं नाही तं वट्यावरून आयकजो. काल घरी आला न् आत जाऊन दार लावून घेतलं. मी वट्यावरच बसली."

"मग?"

"वाजवलं चांगलं. बोलली वाईट."

"आणि त्यानं वाईट केलं ते?"

"त्याले काय समजते बाई त्यातलं? देवाचं म्हनून लावलं त्यानं. कालपासून जेवला नाही तो."

मी फोन ठेवला. त्यानं आईसाठी भोंगा लावला हे मला अजिबात आवडलं नाही. त्याच्यात काही चांगलं असावं, हेच मला खपत नाही. तो जेवला नाही हे ऐकून मात्र बरं वाटलं. मग मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, आणि तो घशाखाली उतरेना. म्हणून तर मला भावाचा आणखीच राग आला.